क्षयजंतूचे लिपिड-जनुक यजमान पेशीत नेमके काय करते, हे तपासायचे कसे

‘जनुक काढून टाकले, जंतू मॅक्रोफेजमध्ये कमी वाढला, म्हणून ते जनुक संसर्गासाठी आवश्यक आहे,’ असे वाक्य प्रबंधाच्या मसुद्यात फार सहज लिहिले जाते. (मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणारी शरीराची संरक्षक पेशी, आणि लिपिडे म्हणजे मेदासारखे पदार्थ, जे क्षयजंतूच्या भिंतीत भरपूर असतात.) क्षयजंतूच्या लिपिड-जनुकांच्या बाबतीत या वाक्यात मधल्या दोन पायऱ्या गाळलेल्या असतात. जनुकापासून एंझाइम बनते, ते एंझाइम लिपिडच्या जडणघडणीतील एखादा टप्पा पार पाडते, आणि यजमान पेशीची गाठ पडते ती त्या लिपिडशी. जनुक तिला कधी दिसतही नाही. म्हणून जनुकाला श्रेय किंवा दोष देण्याआधी लिपिड प्रत्यक्ष मोजलेच पाहिजे. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचे पहिले वर्ष या विषयावर सुरू करणाऱ्यांसाठी ही सारी कृती क्रमाने लिहीत आहे; त्यात हा एक मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

पहिले काम कागदावर: जनुक साखळीत कुठे बसते

क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या प्रमाण वाणाचा संपूर्ण जनुकक्रम १९९८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरांच्या त्या क्रमात जवळपास ४,००० जनुके आढळली आणि त्यांपैकी सुमारे २५० लिपिडच्या घडणीशी किंवा विघटनाशी संबंधित निघाली. ई. कोलायमध्ये हाच आकडा ५० च्या आसपास आहे. ई. कोलायला मेदाम्ले सक्रिय करणारे ‘फॅड-डी’ जनुक एकच पुरते, तर क्षयजंतूकडे त्याच कुळातली ३६ जनुके आहेत. ही उधळपट्टी वाटेल, पण सगळ्यांचे काम एक नाही. २००४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील राजेश गोखले यांच्या गटाने दाखवले, की या कुळातील काही एंझाइमे मेदाम्ल जाळण्यासाठी तयार करतच नाहीत. ती त्याला अॅडेनिलेट जोडून थेट पॉलिकेटाइड सिंथेज नावाच्या मोठ्या एंझाइमांच्या हाती सोपवतात, आणि तिथून भिंतीवरची लांबलचक लिपिडे घडतात. नावात ‘फॅड-डी’ दिसले म्हणून जनुक मेदाम्लांच्या विघटनाचे असेल असे गृहीत धरू नये, हा या शोधातून घ्यायचा व्यवहारी धडा आहे.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आपल्या जनुकाची साखळी हाताने काढावी. कच्चा माल कोणता, मेदाम्ल सक्रिय कोण करते, साखळी वाढवते कोण, दोन तुकडे जोडते कोण आणि तयार लिपिड आतल्या पटलातून बाहेर कोण नेते, हे सगळे त्या आकृतीत आले पाहिजे. पीडिम या लिपिडचे उदाहरण घ्या. त्याचे पूर्ण नाव थायोसेरॉल डायमायकोसेरोसेट असे आहे. त्याची बहुतेक जनुके जनुकक्रमात सुमारे ५० हजार अक्षरांच्या एकाच पट्ट्यात शेजारीशेजारी आहेत. फॅड-डी २६ मेदाम्ल सक्रिय करते, पीपीएस-ए ते पीपीएस-ई ही पाच जनुके थायोसेरॉलची साखळी बांधतात, ‘मास’ हे जनुक फांद्या असलेली मायकोसेरोसिक आम्ले घडवते, पीएपी-ए ५ ही आम्ले थायोसेरॉलला जोडते आणि एमएमपीएल ७ तयार माल बाहेर पोचवण्यात भाग घेते. यांतले कोणतेही एक बिघडले तरी पृष्ठभागावर पीडिम येत नाही, पण आत काय साठून राहते ते मात्र प्रत्येक वेळी वेगळे असते.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही, आणि सल्फोलिपिडच्या इतिहासावरून तो लख्ख दिसतो. सल्फोलिपिड-१ फक्त माणसाच्या क्षयजंतूत सापडते आणि घातक वाणांत ते भरपूर असते, म्हणून ते रोगकारक असणार अशी समजूत अनेक वर्षे होती. पुढे त्याच्या घडणीतले पीकेएस २ हे जनुक काढून पाहिले तेव्हा उंदरात जंतू काही दुबळा झाला नाही. त्याच लिपिडच्या वाहतुकीतले एमएमपीएल ८ काढले तेव्हा मात्र तो दुबळा झाला. पृष्ठभागावर सल्फोलिपिड-१ दोन्ही म्यूटंटांत, म्हणजे जनुक बिघडवलेल्या जंतूंत, नव्हते. फरक इतकाच होता की दुसऱ्यात अर्धवट तयार झालेला पूर्वपदार्थ साठला होता. साखळीच्या सुरुवातीलाच असलेले, गंधकाचा सल्फेट गट जोडणारे एसटीएफ ० हे जनुक काढलेला जंतू तर मानवी मॅक्रोफेजमध्ये मूळ वाणापेक्षा अधिक तगला. एकाच लिपिडच्या अभावाची अशी तीन उत्तरे मिळतात. म्हणून शक्य असेल तर एकाच साखळीतली किमान दोन जनुके, एक घडणीतले आणि एक वाहतुकीतले, अशी निवड करावी. दोघांचे वर्तन सारखे निघाले तर कारण त्या लिपिडचा अभाव हेच असण्याची शक्यता पुष्कळ वाढते, आणि वेगळे निघाले तर साठलेल्या पूर्वपदार्थाकडे पाहावे लागेल हे आपल्याला वेळीच कळते.

जंतू कोणता घ्यायचा

खऱ्या क्षयजंतूवर काम करायचे तर तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा प्रयोगशाळा लागते, आणि जनुकबदल करायचा असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची व आवश्यक तेथे जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम समितीची परवानगी आधी हातात असावी लागते. काम सुरू करून नंतर परवानगी मागण्याची पद्धत सोडून द्यावी. शंका असेल तेव्हा समितीला लेखी विचारावे.

ज्यांच्याकडे ही सोय नाही ते बहुधा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या क्षयजंतूच्या जलद वाढणाऱ्या नातेवाइकाकडे वळतात. तो दर तीन तासांनी दुप्पट होतो, दोन-तीन दिवसांत कॉलनी दिसते, सगळे सोयीचे असते; मात्र तो पीडिम किंवा सल्फोलिपिड-१ बनवतच नाही. त्या लिपिडांच्या जनुकांचा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. मायकोलिक आम्ले या भिंतीतल्या लांब मेदाम्लांच्या मूळ घडणीसारखे सामाईक प्रश्न असतील तर तो चालतो. माशांना रोग करणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम हा अधिक जवळचा नातेवाईक आहे. त्याच्याकडे पीडिम आहे, फिनॉलिक ग्लायकोलिपिड हे शर्करा जोडलेले लिपिड आहे, आणि झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत मॅक्रोफेज आणि जंतू यांची गाठ जिवंतपणी पाहता येते. पीडिम जंतूच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा झाकते आणि त्यामुळे जंतुनाशक मॅक्रोफेजांचे लक्ष चुकते, हे २०१४ साली याच माशात दाखवले गेले. सल्फोलिपिड-१ मात्र मरिनमकडे नाही.

तिसरा मार्ग म्हणजे एच३७आरव्हीपासून बनवलेले, ल्यूसीन आणि पॅन्टोथेनेट बाहेरून पुरवल्याशिवाय न वाढणारे वाण, ज्यांच्यावर काम करायला अनेक संस्था दुसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळेतही परवानगी देतात. पेशींच्या संसर्गासाठी हे फार उपयोगी आहेत. मात्र संसर्गाच्या माध्यमात ही दोन्ही पोषके घालायला विसरलात, तर जंतू जनुकामुळे वाढला नाही की उपासमारीमुळे, हे सांगता येणार नाही.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच३७आरव्ही हा चौथ्या वंशावळीतला आहे. या वंशावळीत पीकेएस १५/१ जनुकातली सात अक्षरे गळालेली आहेत, त्यामुळे तिच्यातील वाण फिनॉलिक ग्लायकोलिपिड बनवू शकत नाहीत. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या पहिल्या आणि तिसऱ्या वंशावळींत हे जनुक अखंड आहे. तेव्हा एच३७आरव्हीवर मिळालेले उत्तर मुंबईच्या रुग्णाच्या थुंकीतून आलेल्या वाणाला आपोआप लागू होते असे मानू नये.

म्यूटंट आणि त्याची भरपाई

म्यूटंट मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. तयार ट्रान्सपोझॉन (जनुकात घुसून ते मोडणारा डीएनएचा तुकडा) संग्रहातून एखादा मागवता येतो, फाजच्या (जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या) साहाय्याने जनुकाची अदलाबदल करता येते, किंवा निष्क्रिय कॅस९ हे प्रथिन वापरून जनुकाचा आवाज फक्त खाली आणता येतो. जीवनावश्यक जनुकांसाठी शेवटचाच मार्ग उरतो. कोणताही घ्या, दोन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. पीडिमच्या पट्ट्यात जनुके एकामागोमाग एकत्र लिहिली जातात, म्हणून मधले एक मोडले की पुढची मुकी होऊ शकतात. दुसरे, भरपाई केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. म्हणजे तेच जनुक त्याच्या स्वतःच्या प्रवर्तकासह (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-भागासह) जनुकक्रमातील एल५ फाजच्या जागी एकाच प्रतीत परत घालावे आणि हरवलेला गुण परततो का ते पाहावे. अनेक प्रती असलेला प्लाझ्मिड (जंतूत स्वतंत्र राहणारे डीएनएचे वलय) सोपा वाटतो. पण त्यातून जनुक गरजेपेक्षा जास्त चालते आणि नवेच घोळ सुरू होतात.

ज्या पायरीवर सगळे घसरतात

इथे जरा थांबून वाचावे.

पीडिम बनवणे जंतूला महाग पडते. त्यासाठी प्रोपिओनेटपासून येणारे मिथिलमॅलोनिल-कोए भरपूर खर्च होते, आणि ग्लिसरॉल व ग्लुकोज असलेल्या नेहमीच्या माध्यमात प्रोपिओनेटचा पुरवठा तुटपुंजा असतो. बाटलीत पीडिमचा काही उपयोगही नसतो. म्हणून ज्या पेशीत योगायोगाने पीडिमचे एखादे जनुक बिघडते ती किंचित जलद वाढते आणि काही पिढ्यांत कल्चरवर कब्जा करते. बिघडायला जागाही मोठी आहे. फक्त पाच पीपीएस जनुकेच मिळून जवळपास २७ हजार अक्षरांची होतात, आणि त्यांतील एक चुकीचे अक्षर पुरते. जंतू नव्याने रूपांतरित करताना, म्हणजे त्यात बाहेरचा डीएनए घालताना, एकेका कॉलनीतून वाढवताना, हे आणखी सहज घडते, कारण तेव्हा आपण एकाच पेशीचे सारे वंशज उचलत असतो.

आमच्याकडे एकदा असेच झाले. वाहतुकीशी संबंधित वाटणाऱ्या एका जनुकाचा म्यूटंट मॅक्रोफेजमध्ये पाचव्या दिवशी स्पष्ट मागे पडला. आनंदाने भरपाई केली. गुण परत आला नाही. तीन महिने प्लाझ्मिड, प्रवर्तक, प्रतिजैविक हेच तपासत बसलो. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्याने सहज विचारले, ‘त्याचे पीडिम बघितलेस का?’ बघितले नव्हते. म्यूटंट बनवतानाच पीडिम गेलेले होते, आणि आम्ही तीन महिने ज्याचा अभ्यास करत होतो ते आमचे जनुक नव्हतेच. त्या जनुकाविषयी त्या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नव्हते.

तपासणी दोन प्रकारे करावी. पहिली जुनी आणि विश्वासाची, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. कल्चरमधील जंतूंची लिपिडे क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलने काढावीत. ही पायरी जंतू मारते असे आपल्या संस्थेत पडताळलेले असल्याखेरीज नमुना सुरक्षित प्रयोगशाळेबाहेर नेऊ नये. क्लोरोफॉर्म काचेच्याच नळीत ठेवावे. प्लास्टिकची नळी वापरली तर प्लास्टिकमधले पदार्थ विरघळून पट्टीवर अनोळखी डाग उमटतात आणि विद्यार्थी नव्या लिपिडच्या शोधाच्या आनंदात आठवडा घालवतात. पेट्रोलियम ईथर आणि डायइथिल ईथर यांच्या नऊ-एक मिश्रणात पट्टी चालवली, फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल फवारून गरम केली, की वरच्या भागात पीडिमचे दोन जवळजवळचे पट्टे गडद उमटतात. शेजारच्या ओळीत मूळ वाण आणि पीडिम नसलेला माहितीचा म्यूटंट, हे दोन्ही असलेच पाहिजेत. एकट्या नमुन्याकडे बघून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणू नये.

दुसरी पद्धत अलीकडची आणि हाताळायला सोपी आहे. पीडिम गमावलेल्या जंतूच्या भिंतीतून व्हॅन्कोमायसिन अधिक सहज आत शिरते, त्यामुळे मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम व्हॅन्कोमायसिन असलेल्या माध्यमात पीडिमवाला जंतू वाढतो आणि पीडिम नसलेला दबतो. या चाचणीच्या माध्यमात ०.१ मिलिमोलर प्रोपिओनेट घालावे. तेवढेच प्रोपिओनेट रोजच्या कल्चरमध्येही घातले तर पीडिम टिकवणे जंतूला परवडते आणि ते आपोआप गळून जाण्याचे प्रमाण फार कमी होते, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कल्चर वाढवण्याची जुनी सवय बदलण्यासाठी हे पुरेसे कारण आहे असे मला वाटते.

किमान चार-पाच स्वतंत्र कॉलनी तपासाव्यात, पीडिमवाली निवडावी, लगेच पुष्कळ नळ्यांत गोठवावी आणि प्रत्येक प्रयोगासाठी नवी नळी उघडावी. प्रश्न पीडिमचा नसून सल्फोलिपिडचा किंवा मायकोलिक आम्लाचा असला, तरी ही पायरी टाळता येत नाही.

संसर्ग कसा द्यावा

जंतू मध्यवाढीच्या टप्प्यात असताना घ्यावेत. क्षयजंतू १८ ते २४ तासांत एकदा दुप्पट होतो, म्हणून वेळापत्रक आठवडाभर आधी आखावे लागते. कल्चर सुटे राहावे म्हणून माध्यमात ट्वीन-८० घालतात. पण तो पृष्ठभागावरची लिपिडे सोलून काढतो आणि त्यातून सुटणारे ओलेइक आम्ल जंतू खातोही. लिपिडवरच प्रयोग असेल तेव्हा टायलोक्सापॉल बरा, आणि काहीही वापरले तरी संसर्गाआधी जंतू डिटर्जंट नसलेल्या माध्यमात धुवावेत.

यानंतर गुठळ्या. क्षयजंतू दोरखंडासारखे वळलेले पुंजके करतो, आणि हे वळण मायकोलिक आम्लाच्या ज्या लिपिडामुळे येते त्यावर तुमचा म्यूटंट परिणाम करत असेल, तर मूळ वाण आणि म्यूटंट यांच्या गुठळ्या वेगवेगळ्या असतील. इथेच मोठा खड्डा आहे. दोन्ही कल्चरची गढूळता सारखी दिसते, पण एकात सुटे जंतू आणि दुसऱ्यात दहा-दहांचे गठ्ठे असतात. बारीक सुईच्या सिरिंजमधून आठ-दहा वेळा ओढावे, मंद गतीने फिरवून वरचा भाग घ्यावा किंवा ५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहावा. गढूळतेवरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नये. जो जंतुद्रव पेशींवर ओतला तोच पातळ करून पेट्रीवर पसरावा, म्हणजे तीन आठवड्यांनी प्रत्यक्ष किती दिले ते कळते. प्रत्यक्ष संख्येत दोन वाणांत दुपटीहून अधिक फरक निघाला तर तो प्रयोग बाजूला ठेवावा, कितीही सुंदर आलेख मिळाला असला तरी.

यजमान पेशींबाबत इतकेच सांगतो. टीएचपी-१ या मानवी पेशी पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या करतात. त्यानंतर किमान एक दिवस पीएमए नसलेल्या माध्यमात विश्रांती द्यावी. उंदराच्या अस्थिमज्जेतील मॅक्रोफेज इंटरफेरॉन-गॅमाने उद्दीपित केले की नायट्रिक ऑक्साइड भरपूर बनवतात, मानवी पेशी फारसे बनवत नाहीत. म्हणून एकीकडे दिसलेला परिणाम दुसरीकडे दिसला नाही तर लगेच चूक शोधू नये. लिपिडचे काम कदाचित नायट्रिक ऑक्साइडपासून बचाव करण्याचेच असेल. रक्तद्रवातील पूरक प्रथिने जंतूवर बसली की जंतू पेशीच्या पृष्ठभागावरील वेगळ्या ग्राहक प्रथिनातून आत जातो, आणि पीडिमचा एक परिणाम याच प्रवेशावर होतो. तेव्हा रक्तद्रव कोणता, तापवलेला की ताजा, हे प्रत्येक वेळी सारखे ठेवावे आणि लिहूनही ठेवावे.

चोवीस खणांच्या ताटलीत प्रत्येक खणात २ लाख पेशी असतील आणि एका पेशीमागे एक जंतू द्यायचा असेल, तर २ लाख जंतू ओतावेत. चार तासांनी कोमट माध्यमाने तीनदा धुवावे. थंड बफरने धुतले तर मॅक्रोफेज सुटतात आणि त्यांच्याबरोबर आतले जंतूही नाल्यात जातात.

काय मोजायचे आणि केव्हा

वेळेची निवड हीच प्रश्नाची निवड असते. चार तासांचा आकडा प्रवेशाबद्दल बोलतो, पहिल्या दिवसाचा आकडा फॅगोसोममधील (गिळलेला जंतू ज्या पिशवीत बंद होतो तिच्यातील) टिकावाबद्दल आणि तिसऱ्या-पाचव्या दिवसाचा वाढीबद्दल. चार तासांनाच म्यूटंट निम्मा असेल तर पाचव्या दिवशीच्या निम्म्या आकड्याला वाढीतली घट म्हणता येत नाही. आलेख प्रत्येक वाणाच्या स्वतःच्या चार तासांच्या संख्येशी तुलना करून, लघुगणकी पट्टीवर काढावा.

पेशी फोडताना ०.१ टक्के ट्रायटन किंवा सौम्य एसडीएस चालते, पण काही लिपिड-म्यूटंट डिटर्जंटलाच बळी पडतात. आधी पेशींशिवाय फक्त जंतू त्या द्रावात दहा मिनिटे ठेवून किती जगतात ते पाहावे. दुसरी गफलत पेशींच्या मृत्यूची असते. पीडिमवाला मूळ वाण ईएसएक्स-१ या स्रावयंत्रणेच्या साथीने फॅगोसोमचे पटल फाडतो आणि पुढे मॅक्रोफेज फुटून मरतो. मेलेल्या पेशी धुण्यात निघून जातात. त्यामुळे पाचव्या दिवशी मूळ वाणाची संख्या कमी आणि म्यूटंटची जास्त दिसून उलटाच निष्कर्ष निघू शकतो. वरचे माध्यम न फेकता वेगळे पेट्रीवर पसरावे, आणि एलडीएच या एंझाइमच्या गळतीवरून किती पेशी मेल्या तेही मोजावे.

संख्येपलीकडे जायचे असेल तर लिपिडच्या संशयित कामानुसार खूण निवडावी. पटल फाटते का, हे पाहायला गॅलेक्टिन-३ चा रंग उपयोगी पडतो, कारण पटल फाटले की हे प्रथिन आतल्या शर्करांना चिकटून ठिपक्यासारखे चमकते. फॅगोसोम आम्लयुक्त होतो का, यासाठी लायसोट्रॅकर हा रंग आहे. ट्यूबरक्युलोसिनिल अॅडेनोसिन नावाचे लिपिड, जे आरव्ही३३७७सी आणि आरव्ही३३७८सी या दोन जनुकांनी बनते, ते नेमकी हीच आम्लता घटवते. दोरखंडी वळण आणणारे ट्रेहॅलोज डायमायकोलेट मॅक्रोफेजच्या मिंकल या ग्राहकाला उद्दीपित करते, तेव्हा त्याच्याशी संबंधित जनुकासाठी सायटोकाइन, म्हणजे पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिने, मोजणे अधिक शहाणपणाचे.

काही परिणाम मॅक्रोफेजच्या ताटलीत दिसणारच नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. १९९९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखपट्टी लावलेले म्यूटंट उंदरांत सोडून पीडिमची जनुके हुडकली, तेव्हा त्यांतील एका कामात ते म्यूटंट फुफ्फुसात मागे पडले आणि प्लीहा व यकृतात मात्र नेहमीसारखे वाढले. सल्फोलिपिड-१ वेदना जाणणाऱ्या चेताकोशांना चेतवून गिनीपिगमध्ये खोकला आणते, हे २०२० मध्ये दिसले. उंदरातल्या जंतुसंख्येवरून ज्या लिपिडचे काम उमगत नव्हते, त्याचा प्रसाराशी असा संबंध निघाला. चेताकोश नसलेल्या ताटलीला हे कधीच कळले नसते.

ताटलीतला जंतू आणि शरीरातला जंतू यांच्या अंगावरची लिपिडेही सारखी नसतात. यजमानाच्या कोलेस्टेरॉलचे विघटन केले की जंतूला प्रोपिओनिल-कोए मिळते, आणि ते विषारी होऊ नये म्हणून तो पीडिम व सल्फोलिपिड यांच्या साखळ्यांत जिरवतो. कोलेस्टेरॉल आत ओढणारी एमसीई-४ ही जनुके बिघडली तर लिपिडच्या घडणीचे एकही जनुक न मोडता लिपिड बदलू शकते. म्हणून शक्य झाल्यास ग्लिसरॉलवर आणि कोलेस्टेरॉलवर वाढवलेल्या दोन्ही कल्चरांची लिपिडे शेजारी शेजारी चालवून पाहावीत.

नोंदी आणि लेखन

एकाच दिवशी एकाच कल्चरमधून भरलेले तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या गोठवलेल्या नळीतून, नव्या पेशींवर केलेले तीन प्रयोग असावेत, आणि सांख्यिकी त्या तिघांवर चालवावी. निष्कर्षाचे वाक्य लिहिताना जनुकाच्या आधी लिपिडचे नाव घ्यावे: ‘फॅड-डी २६ च्या अभावी पीडिम बनत नाही, आणि पीडिम नसलेला जंतू या पेशींत इतक्या दिवसांत इतका कमी वाढतो’ हे वाक्य लांब असले तरी त्यातला प्रत्येक तुकडा मोजलेला असतो. याच जनुकाचे महत्त्व किती व्यवहारी आहे ते पाहायचे असेल तर एमटीबीव्हॅक या लसीकडे पाहावे. स्पेनमधील झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्टिन यांच्या गटाने ती घडवली, आणि जिवंत क्षयजंतू दुबळा करण्यासाठी त्यांनी त्यातून फो-पी आणि फॅड-डी २६ ही दोनच जनुके कायमची काढली. भारतात प्रौढांवर तिच्या चाचण्या २०२४ मध्ये सुरू झाल्या.

गोठवलेल्या नळीवरच्या चिठ्ठीत वाणाचे नाव, म्यूटंटचा क्रमांक आणि गोठवल्याची तारीख बहुतेक जण लिहितात. त्याखाली आणखी एक ओळ असू द्यावी: पीडिम तपासल्याची तारीख, पद्धत आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरे. ही ओळ कोरी असलेली नळी संसर्गासाठी उघडू नये.